एकशे दहापर्यंत सगळं ठीक

तेच कार्ड तिसऱ्यांदा आलं, तेव्हा पेइ-चुननं खोकं न उघडताच ओळखलं. खोक्याला सुक्या मासळीचा वास येत होता. तायपेईच्या त्या सर्व्हिस सेंटरात दुरुस्तीला येणारी ग्राफिक्स कार्डं धुळीच्या वासाची असायची, फार तर पोरांच्या खोलीतल्या सिगरेटींच्या वासाची. मासळीच्या वासाचं सगळ्या बेटावर एकच होतं, आणि ते यायचं खाली च्याईच्या किनाऱ्यावरच्या पाइशा नावाच्या कोळीवाड्यातून.

"आली का गं ताई तुझी माहेरवाशीण?" काउंटरवरची श्याओ-मान नाक दाबून म्हणाली. "तिसरं बाळंतपण!"

"गप बस. सातवा महिना लागलाय. दाराशी आलेल्याला हसू नये."

श्याओ-मानचं तोंड लगेच मिटलं. चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यात पाताळाचं दार उघडतं आणि गेलेली माणसं महिनाभर वर हिंडायला येतात. त्यांना नावानं हाक मारायची नसते. त्यांचा विषय निघालाच तर 'भाऊमंडळी' म्हणायचं, तेही हळू आवाजात. ते एक महिनाच पाळायचं असतं, पण ही कार्डं बनवणाऱ्या शानलू कंपनीत आणखी एक शब्द बारा महिने उच्चारायचा नसे. तो शब्द म्हणजे 'दोष'. प्रत्येकाच्या टेबलावर फोनच्या शेजारी कागद चिकटवलेला होता: गिऱ्हाइकाला दोष म्हणू नये, 'वापरातला फरक' म्हणावं. कार्ड तापतं म्हणू नये, 'एकशे दहा अंशांपर्यंतचं तापमान नेहमीच्या मर्यादेत आहे' म्हणावं.

पेइ-चुन सव्वीस वर्षं तिथे होती. अठ्ठावन्न वय, गळ्यात साखळीला लावलेला चष्मा, निवृत्तीला दोन वर्षं. तिचं काम एवढंच, की आलेलं कार्ड तपासणीच्या लोखंडी घोडीवर उभं करायचं, वीस मिनिटं चालवायचं, पंख्यांचा आवाज ऐकायचा, आकडा लिहायचा आणि शिक्का मारायचा. या कार्डाचा आकडा पहिल्या खेपेला बासष्ट आला. दुसऱ्या खेपेला बासष्ट. आता तिसऱ्यांदा, लावा पैज, बासष्टच. 'सर्व काही मर्यादेत' असा शिक्का मारून परत पाठवायचं.

आणि खरी गोष्ट काय होती, हे पेइ-चुनला ठाऊक होतं. तेच तर तिच्या जिवाला लागलं होतं.

वसंतात भूकंप झाला, तेव्हा तिची घोडी आडवी पडली होती. घोडीवर अशाच एका कार्डाची तपासणी चाललेली. उभं असलेलं कार्ड पडून आडवं झालं आणि तपासणीच्या पूर्ण भारामुळे आठ मिनिटांत आकडा बासष्टवरून एकशे दहावर गेला, पंखे बोंबलले आणि पडदा काळा. त्या कार्डांच्या पोटात एक चपटी तांब्याची डबी असते आणि तिच्यात घोटभर पाणी. तापलं की त्या पाण्याची वाफ होते, वाफ गार होऊन पुन्हा पाणी होतं आणि तापल्या जागेवर परत येतं. शानलूनं एका खेपेच्या डब्यांत पाणी कमी भरलं होतं. कार्ड उभं असलं की तेवढंसं पाणी ओघळून बरोबर जागेवर येतं. आडवं असलं की कडेला बसून राहतं आणि मधोमध नुसतं तांबं जळतं. आता गंमत बघा, कंपनीच्या घोडीवर कार्ड उभं असतं, आणि लोकांच्या घरच्या उभ्या कॉम्प्युटरात ते आडवं बसतं. म्हणून घरी होणारा रोग सर्व्हिस सेंटरात दिसायचाच नाही.

तिनं तेव्हाच यान साहेबांना बोलावून दाखवलं होतं. यान साहेब म्हणजे तिच्या विभागाचे प्रमुख. वयानं चाळिशीचे, शर्टाच्या बाहीला कडक इस्त्री. त्यांनी आकडा बघितला, स्वतःच्या हातानं घोडी पुन्हा उभी केली, रुमालानं हात पुसले आणि म्हणाले, "ताई, भूकंप आपल्या तपासणीत येत नाही."

"अहो, पण उपाय फुकटचा आहे. लोकांना एवढंच सांगायचं, की कॉम्प्युटरचं खोकं कुशीवर आडवं ठेवा. म्हणजे आतलं कार्ड उभं राहील."

"आणि का ठेवा असं विचारलं तर?"

पेइ-चुननं फोनशेजारच्या कागदाकडे बघितलं. कारण सांगायचं म्हणजे तो शब्द आला.

"फोनवरचं सगळं रेकॉर्ड होतं," यान साहेब म्हणाले. "तुमची दोन वर्षं राहिलीयेत. छान काढा."

तर ती छान काढत होती.

मासळीच्या वासाच्या कार्डाबरोबर या खेपेला चिठ्ठी नव्हती, थेट फोनच आला. म्हातारा आवाज, मागे लाटांचा आवाज. माणसाचं नाव लाई मू-शुई, धंदा चित्रपट दाखवायचा.

"बाई, तुमच्या मर्यादेत असेल हो ते," म्हातारा म्हणाला. "माझ्या पडद्यावर नाहीये. दीड तास झाला की काळोख होतो."

"काका, वापरात काही फरक..."

"तो कागद वाचू नका. दोनदा ऐकलाय, पाठ झालाय. बाई, मी माणसांना चित्रपट दाखवत नाही. मी पंधराव्या तारखेला भाऊमंडळींना दाखवतो."

पेइ-चुनच्या हातातली पेन्सिल थांबली.

मग त्यानं सांगितलं ते असं. बेचाळीस वर्षांपूर्वी पाइशाचे बारा तरणे कोळी देवळापुढच्या पटांगणात तलवारबाजीचा एक तीन तासांचा चित्रपट बघत बसले होते. मागे प्रोजेक्टर चालवत होता हाच मू-शुई, तेव्हा विशीतला. निम्म्यावर पाऊस आला, पडदा गुंडाळला. पोरं ओरडली, "उरलेला आल्यावर बघू रे!" दुसऱ्या दिवशी बोटीवर गेली ती आलीच नाहीत. तेव्हापासून दर सातव्या महिन्याच्या पंधरा तारखेला तोच चित्रपट, पुढे बारा रिकामी स्टुलं, आणि शेवटपर्यंत दाखवायचा म्हणजे दाखवायचा.

"दुसरा एखादा लावून नाही बघितला?" पेइ-चुननं विचारलं. तिला हसू येत होतं आणि येतही नव्हतं.

"एकदा विनोदी लावला. त्या आठवड्यात तीन जाळी फाटली. तोच पाहिजे त्यांना." म्हातारा खोकला. "गेल्या वर्षी रिळं सोडून हा नवा दिव्यांचा पडदा घेतला, तुमचं महागडं कार्ड घेतलं. एवढा मोठा पडदा साध्या कार्डानं हलत नाही म्हणे. चित्रपट निम्म्यावर बंद पडला. परत निम्म्यावर, बाई! आणि सोळा तारखेला गेलेली बोट दोन माणसं गमावून आली. या वर्षी सोळाला माझा आ-कुन जातोय. एकच मुलगा आहे."

"त्याला जाऊ देऊ नका ना मग."

"त्यानं दोन हंगामांची उचल घेतलीये. आणि कोळ्याच्या पोराला बापानं बंद पडणाऱ्या मशीनपायी घरात बसवायचं? तुम्ही फक्त सांगा, हे शेवटपर्यंत चालेल का?"

तिच्या जिभेवर ते एक वाक्य आलं होतं. खोकं आडवं करा, काका. एवढंच. समोर रेकॉर्डिंगचा लाल दिवा लुकलुकत होता, आणि काचेपलीकडे यान साहेब कॉफी ढवळत तिच्याकडेच बघत होते.

"तपासून पाठवते," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

पण पेइ-चुन काही सरळ बाई नव्हती. सरळ माणूस सव्वीस वर्षं सर्व्हिस सेंटरात टिकत नाही. रात्रभर तिनं डोकं चालवलं आणि सकाळी कोठारात जाऊन मक्याच्या कुरकुऱ्यांचं एक हिरवं पाकीट काढून आणलं.

त्या बेटावर लहान पोरालाही माहीत असतं, की मशीन शहाण्यासारखं वागायला हवं असेल तर त्याच्यावर कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवायचं. बँकेत ठेवतात, इस्पितळात ठेवतात, विमानतळावर ठेवतात. हिरवंच हवं, पिवळं-लाल चालत नाही. तिनं पाकिटाला चिठ्ठी चिकटवली: 'हे पाकीट ठेवायची रीत अशी. खोकं कुशीवर निजवावं, पाकीट त्याच्यावर ठेवावं, चित्रपट संपेपर्यंत खोकं उठवू नये. नाहीतर पाकीट पावत नाही.'

दोष नाही, वाफ नाही, तांबं नाही. नुसती श्रद्धा! श्रद्धेवर यान साहेबही काही बोलू शकत नव्हते. त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर दोन पाकिटं होती. कार्ड आणि पाकीट एकाच खोक्यात घालून तिनं पाठवून दिलं आणि दुपारच्या डब्यातली डुकराची चॉप हाडापर्यंत चोखून खाल्ली, इतकी ती स्वतःवर खूश होती.

पंधरा तारखेला दुपारी कंपनीनं दाराबाहेर भाऊमंडळींसाठी टेबलं मांडली. फळं, नूडल्सचे डबे, बियर, हात-तोंड धुवायला पाण्याचं घंगाळ आणि नवा टॉवेल. यान साहेब सगळ्यांच्या पुढे, हातात उदबत्त्या. पेइ-चुननं कोठारातून हिरव्या पाकिटांचं उरलेलं खोकं आणून दिलं, श्याओ-मान ती रचत होती. मधेच थांबली.

"ताई, ही कुठली उचलून आणलीस?"

"कोठारातली. का?"

"तारीख बघितलीस? मार्चमध्येच संपलीयेत सगळी!"

पेइ-चुननं पाकीट हिसकावून तारीख वाचली. मुदत संपलेलं पाकीट म्हणजे न ठेवण्याहून वाईट. मशीन रुसतं, सूड घेतं. हेही लहान पोराला ठाऊक असतं. आणि पाकीट हातात आलं की तिथला माणूस आधी तारीख बघतो, मग बाकीचं वाचतो.

ती आत धावली. म्हाताऱ्याचा नंबर फक्त कंपनीच्या फोनवर होता. तिकडून उचलला एका तरुण बाईनं. आ-कुनची बायको.

"शानलू? पाकीटवाली तूच का?" ती कडाडली. "कुणाचं वाईट चिंततेस गं? माझा नवरा उद्या समुद्रावर चाललाय आणि तू मुदत संपलेलं पाकीट पाठवतेस? बाबांनी मीठ टाकून ते चिठ्ठीसकट समुद्रात फेकलं. नवीन आणलं चांगलं."

"खोकं कसं ठेवलंय? उभं का आडवं?"

"उभं! देवापुढं आडवं काय ठेवतात?"

"काकांना फोन दे. लगेच दे."

"ते देवळापाशी गेलेत. आजच्या दिवशी फोन घरी ठेवतात. भाऊमंडळींच्या मधे वाजला तर?"

लाल दिवा लुकलुकत होता. पेइ-चुननं त्याच्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

"ऐक, पोरी. खोकं आडवं करायला सांग. कार्डात दोष आहे. पाणी कमी भरलंय आमच्या लोकांनी. उभ्या खोक्यात ते दीड तासात जळणार. कळलं का?"

"आधी पाकीट खोटं दिलंस," बाई म्हणाली. "आता म्हणतेस खोकं निजव. उद्या म्हणशील माणूस निजव." आणि फोन आपटला.

पेइ-चुन पिशवी उचलून बाहेर आली, तेव्हा कागदी नोटा पेटल्या होत्या. धुरापलीकडून यान साहेब म्हणाले, "ताई? कुठे निघालात? अजून तीनदा वाकायचंय."

"तपासणीला चाललेय, साहेब."

वेगवान रेल्वेनं दीड तास, पुढे टॅक्सी. टॅक्सीवाल्यानं पाइशा म्हटल्यावर आरशात बघितलं. "आज? मी वेशीपर्यंत येईन. पुढे तुम्ही आणि तुमचे पाय." वेशीवर उतरवलं आणि सुटे पैसे न घेताच तो वळला.

दिवे लागायची वेळ, आणि चित्रपट सुरू होऊन तास उलटलेला. देवळापुढं पटांगण, त्याच्यापुढं समुद्र. ट्रकच्या पाठीवर तो भलामोठा पडदा झगमगत होता, त्यावर तलवारी खणखणत होत्या. गावकरी मागे, दोरीच्या पलीकडे, कुणी हूं की चूं करत नव्हतं. पुढे लाल प्लॅस्टिकची स्टुलं एका रांगेत. प्रत्येक स्टुलाशी बियरचा डबा आणि डब्यावर पेटवून ठेवलेली सिगरेट. वारा पडलेला होता. तरी सिगरेटी भराभर जळत होत्या, जशी कुणी ओढल्यावर जळते.

तिला आधी आवाज ऐकू आला. कुकर शिट्टी द्यायच्या आधी जसा गुरगुरतो, तसे कार्डाचे पंखे गुरगुरत होते. ट्रकच्या कडेला खोकं उभं, डोक्यावर हिरवं पाकीट, अगदी ताज्या तारखेचं. बाजूला छोटा पडदा, त्यावर आकडा: एकशे चार.

बनियन घातलेला वाकलेला म्हातारा वळला.

"काका, मी शानलूची. खोकं आडवं करा."

"पाकीटवाली?"

"हो. चूक झाली माझी. पण..."

"चालती हो."

"काका, एकशे सहा झालंय. ऐका माझं!"

"मशीनला हात लावलास तर तोडीन. चालू चित्रपटात हात लावायचा नाही, बेचाळीस वर्षं नाही लावला." तो दोन्ही हात पसरून खोक्यापुढं उभा राहिला. दोरीपलीकडे आ-कुन असावा, बापासारखीच रुंद हनुवटी, शेजारी बायको. तिनं पेइ-चुनला आवाजावरून ओळखलं आणि तोंडावर हात ठेवला.

एकशे आठ. एकशे नऊ.

पडद्यावर नायकानं तलवार उपसली आणि सगळं काळं झालं.

पंखे थांबले. लाटासुद्धा थांबल्या. मग बाराच्या बारा सिगरेटींची टोकं एकदम लाल झाली. एक स्टूल करकरत जागेवरून मागे सरकलं. मग दुसरं. कुणीतरी उठू बघत होतं.

म्हाताऱ्याचे पसरलेले हात खाली पडले. पेइ-चुननं त्याला खांद्यानं बाजूला केलं, खोकं कवेत घेऊन कुशीवर निजवलं, बोटं भाजली तरी सोडलं नाही. पाकीट घरंगळलं होतं, ते उचलून वर ठेवलं.

"गार व्हायला सात मिनिटं लागतील," ती धापा टाकत म्हणाली.

"सात मिनिटं ते थांबणार नाहीत."

"मग?"

"जाऊन सांग त्यांना. काय झालं ते सांग." म्हातारा तिच्या कानाशी आला. "आणि तुमची ती मर्यादा-बिर्यादा नको. खरं सांग."

पेइ-चुन रांगेपुढं गेली. कुणाकडे बघून बोलायचं हेच कळेना. शेवटी तिनं हात जोडले, जसे दुपारी जोडायचे राहून गेले होते, आणि म्हणाली, "भाऊमंडळींनो, मशीनमध्ये दोष आहे. तुमच्या गावाचा नाही, काकांचा नाही. आमचा आहे. आम्हाला माहीत होतं आणि आम्ही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. आता दुरुस्त केलंय. बसा."

स्टुलं हलली नाहीत. रांगेच्या टोकाला एका स्टुलाशी बियर दिसली नाही, सिगरेट नव्हती, म्हणून ती त्याच्यावर मटकन बसली. सात मिनिटांनी म्हाताऱ्यानं मशीन चालू केलं, पडदा उजळला. नायकाची तलवार जिथे थांबली होती तिथून पुढे चालली. आकडा एकसष्ट, बासष्ट, तिथेच. चित्रपट शेवटपर्यंत झाला, नावं संपेपर्यंत झाला. पेइ-चुननं मान वळवून शेजारी बघितलं नाही. पण उठली तेव्हा तिच्या पँटची डावी बाजू मांडीपासून घोट्यापर्यंत ओली होती, आणि ती खारट ओल होती.

"काका," ती स्टुलं गोळा करणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणाली, "शेवटचं तेरावं कुणासाठी मांडलं होतं?"

म्हाताऱ्यानं एकात एक रचलेली स्टुलं मोजली. पुन्हा मोजली.

"मी बाराच मांडतो, पोरी," तो म्हणाला. आणि बाराच होती.

दुसऱ्या दिवशी ती कामावर पोचली तेव्हा नऊ वाजले होते. टेबलावरचा फोन वाजतच होता. मू-शुई काका.

"आ-कुन गेला पहाटे," तो म्हणाला. "पण एक सांगायचंय. पटांगणात पावलं आहेत. ओली. दरवर्षी सकाळी ती समुद्राकडे जाताना दिसतात, मी मीठ टाकून पुसतो. या वर्षी समुद्राकडे नाही गेली."

"मग?"

"स्टेशनच्या रस्त्याला लागलीयेत. बारा जोड. पोरी, तू काय त्यांना पत्ता दिलास?"

पेइ-चुन खुर्चीत बसली. "सर्व्हिस सेंटरचा पत्ता कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो, काका."

मग म्हातारा हसला. बारीक, घाबरलेलं हसू, पण हसला.

"म्हणजे आज समुद्रावर कुणीच नाही म्हण की. पोरगा निवांत येईल माझा." आणि घाईघाईनं म्हणाला, "तू सांभाळ गं स्वतःला."

तेवढ्यात यान साहेबांनी तिला खालच्या गिऱ्हाइकांच्या हॉलमध्ये बोलावलं. दारं अजून उघडायची होती, हॉल रिकामा. फक्त श्याओ-मान काउंटरवर, आणि साहेबांच्या हातात एक कागद. कालचं रेकॉर्डिंग त्यांनी ऐकलं होतं.

"ताई, सही करा. 'थकव्यामुळे चुकीचं बोलले.' बस. तुमची दोन वर्षं वाचतील, आणि तो शब्द कुणी ऐकलाच नाही असं होईल."

"ऐकलाय, साहेब. बऱ्याच जणांनी."

तेव्हा दाराजवळच्या नंबर देणाऱ्या यंत्रानं टुंग केलं. चिठ्ठी बाहेर आली. एक. मग टुंग, दोन. श्याओ-माननं दाराकडे बघितलं. दार बंदच होतं. तीन, चार, पाच. साहेब म्हणाले, "यंत्र बिघडलंय." बारापर्यंत गेलं आणि थांबलं. चिठ्ठ्या जमिनीवर पडल्या नाहीत. फाटायचा आवाज आला, मग दिसल्याच नाहीत.

हॉलमध्ये निळ्या खुर्च्यांची एक रांग होती. एकामागून एक खुर्चीवर पाण्याचा डाग उमटत गेला, जसा ओल्या चड्डीनं बसणाऱ्या माणसाचा उमटतो. सहा खुर्च्या, मग मधली एक सुटली, मग आणखी सहा. थेंब खाली टपकायला लागले. मासळीचा वास आला.

मधली खुर्ची कोरडी होती.

"ताई," श्याओ-मान पुटपुटली, "एसी बघ."

भिंतीवरच्या एसीवर खोलीच्या तापमानाचा आकडा चोवीस होता. अठ्ठावीस झाला. एकतीस.

"साहेब," पेइ-चुन अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तुमच्यासाठी जागा ठेवलीये त्यांनी. मला पण ठेवली होती काल. बसा, आणि एक खरं वाक्य बोला. उपाय फुकटचा आहे."

यान साहेबांनी खुर्च्यांकडे बघितलं. इस्त्रीची बाही सरळ केली. त्यांच्या ओठांना इतक्या वर्षांची सवय होती, आणि माणूस घाबरला की सवयीचंच बोलतो.

"तापमान," ते कोरड्या खुर्चीला म्हणाले, "एकशे दहा अंशांपर्यंत नेहमीच्या मर्यादेत आहे."

बाराच्या बारा ठिकाणी थेंब टपकायचे थांबले. ऐकून घेतल्यासारखे.

छत्तीस. एकोणचाळीस.

पेइ-चुननं श्याओ-मानचा हात धरला. काचेचं दार त्या दोघींसाठी सुळकन उघडलं आणि मागे सुळकन मिटलं. बाहेर काल जळलेल्या नोटांची राख उडत होती. काचेतून यान साहेब दिसत होते. त्यांनी दार ओढलं. ढकललं. टाय सैल केला. मग वळून त्या मधल्या खुर्चीकडे बघत राहिले.

"ताई, अगं सांगू या ना त्यांना, बसा म्हणून," श्याओ-मान रडकुंडीला येऊन म्हणाली. "त्रेचाळीस झालं."

"सांगितलं की मी." पेइ-चुननं चष्मा पुसला आणि काचेला नाक लावून आकडा नीट वाचला. "आणि घाई काय आहे? त्यांच्याच हिशोबानं अजून सदुसष्ट अंश शिल्लक आहेत."